अळ्यांनी ओक खाऊन टाकलाय, कोणतं औषध मारू?

चिंचपान: अंगणातले ओक आणि मागचं जंगल, सगळं बोडकं होत चाललंय. डेकवर दिवसभर काळी विष्ठा टपटपतेय, लेकीच्या हातांवर पुरळ उठलंय. कोणतं औषध मारू? आजच आणते.

पाऊलवाट: राहता कुठे? अळ्यांनी जाळं विणलंय का?

चिंचपान: न्यू जर्सी. जाळं नाही. केसाळ अळी, पाठीवर डोक्याकडे निळे ठिपके, मागे तांबडे. औषध सांगा ना.

रानभूल: निळ्यांच्या पाच जोड्या आणि तांबड्यांच्या सहा असतील तर ती स्पंजी मॉथ नावाच्या पतंगाची अळी. १८६९ च्या सुमारास त्रूव्हलो नावाच्या माणसाने युरोपातून मॅसॅच्युसेट्समध्ये आणला, त्याच्याकडून निसटला तो आजतागायत पसरतोय. बीटीके, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचं औषध, फवारतात, पण ते कोवळ्या अळीवरच चालतं. तुमची केवढी आहे?

हिरवादेठ: निंबोळी तेल मारा ताई. माझ्या गुलाबांवरची कीड त्यानेच गेली.

रानभूल: गुलाब कमरेएवढा, ओक साठ फूट. शेंड्याला तेल कसं पोचवणार?

खैरवाडी: आमच्याकडे सागाच्या जंगलात पावसाळ्याच्या तोंडाशी अळी येते, पान शिल्लक ठेवत नाही. साग पुन्हा फुटतो. काही मारू नका.

पाऊलवाट: सागावरची अळी आपल्याकडचीच, ही तिथे परकी. तिला मारणारी बुरशी मात्र १९८९ पासून तिथल्या जंगलांत दिसतेय. वसंतात पाऊस चांगला झाला की अळ्या ढिगाने मरतात.

हिरवादेठ: मग परजीवी माश्या सोडायच्या.

रानभूल: १९०६ मध्ये सोडल्या होत्या. त्या माशीने सेक्रोपियासारखे तिथले देशी पतंगही पोखरले. तो प्रयोग पुन्हा नको.

सांजवारा: डेकसाठी प्रेशर वॉशर भाड्याने मिळतो, छान निघतं.

चिंचपान: डेकचं नाही विचारलं! अळी दोन इंच आहे. मागच्या वर्षीही पानं गेली होती.

रानभूल: हे आधी हवं होतं. दोन इंचांवर बीटीके फुकट जाईल. खोडाला छातीच्या उंचीवर गोणपाट बांधा, मधोमध सुतळी आवळून वरचा भाग खाली दुमडा. मोठ्या अळ्या दिवसा त्याखाली लपतात. रोज दुपारी हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात पाडा, केसांनीच पुरळ येतं. सगळ्या संपणार नाहीत, पण भार कमी होईल. लागोपाठ दोन वर्षं पानं गेली म्हणजे झाड थकलंय, पाऊस नसेल तर मुळांना भरपूर पाणी द्या. ऑगस्टपासून खोडावर, फांद्यांखाली, कुंपणावर फिकट तपकिरी, लवदार चकत्या शोधा. एकेकीत पाचशे ते हजार अंडी असतात. खरवडून साबणाच्या पाण्यात बुडवा, नुसती खाली पाडू नका. बीटीके पुढच्या मेमध्ये, अळ्या बारीक असताना, मोठ्या झाडांसाठी फवारणीवाला बोलवून.

पाऊलवाट: मागे हेमलॉक किंवा पाइनसारखी सुईसारख्या पानांची झाडं आहेत का? ती एकदा पूर्ण खाल्ली गेली तरी मरू शकतात. आधी त्यांना बांधा.

चिंचपान: हेमलॉक आहेत, कुंपणाला लागून. गोणपाट इथे कुठे मिळतं?

सांजवारा: होम डेपोत, बागेच्या सामानात. बर्लॅप म्हणून मागा.