व्हेगा बुडाली ती इंजिनामुळे की हिशेबनिसांमुळे?

फिलरगेज (धागाकर्ता)

जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) पडझडीचा विषय निघाला की सगळे थेट १ जून २००९च्या दिवाळखोरीवर जातात. माझं म्हणणं असं की पाया खचला तो सप्टेंबर १९७० मध्ये, जीएमच्याच शेव्हरोले विभागाची व्हेगा बाजारात आली तेव्हा. बीटल, टोयोटा, डॅटसन या छोट्या परदेशी गाड्यांना अडवायला काढलेली ही गाडी. 'मोटर ट्रेंड'ने १९७१ची सर्वोत्तम गाडी म्हणून तिलाच निवडलं. १९७७ पर्यंत वीस लाखांच्या आसपास बनल्या, पण दोन-तीन वर्षांतच गॅरेजात त्यांच्या रांगा लागल्या होत्या.

मूळ दोष इंजिनात होता आणि इंजिन हा एड कोलचा हट्ट होता. कोल तेव्हा जीएमचा प्रेसिडेंट. १९५५चं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन त्याचं, कॉर्व्हेअर गाडीही त्याचीच. व्हेगाच्या २.३ लिटर इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) १७ टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा, दाबाखाली साच्यात ओतलेला, वजन सुमारे १६ किलो. आत बिडाच्या स्लीव्ह (सिलिंडरला अस्तर म्हणून बसवायच्या नळ्या) नाहीत, पिस्टन थेट ॲल्युमिनियमच्या भिंतीवर धावतो. आणि वर हेड (ब्लॉकवरचं झाकण) मात्र बिडाचं! बाकीच्यांतले काही जण बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड बसवत होते, यांनी उलटं लग्न लावलं.

इंजिन तापलं की ब्लॉक आणि हेड सारखे फुगत नाहीत, ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं. मधल्या मध्ये मरतं गॅस्केट (दोघांमधली गळती अडवणारी पातळ पट्टी). त्यात ब्लॉक 'ओपन डेक', म्हणजे सिलिंडरना आधार खालून, वरच्या टोकाला भोवती पाण्याची मोकळी जागा. जास्त तापलं की बोअरची (सिलिंडरच्या पोकळीची) गोलाई जाते, पिस्टनच्या रिंगा धरत नाहीत, गॅस्केट उडतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. हे सगळं ड्रॉइंगवरच दिसत होतं. त्यामुळे 'इंजिनिअर बिचारे चांगले, हिशेबनिसांनी घात केला' ही नेहमीची कथा मला पटत नाही.

सिलिकॉनवाला

फिलरगेजराव, 'दुप्पट' हे साध्या ॲल्युमिनियमचं गणित झालं. १७ टक्के सिलिकॉन घातलं की प्रसरण उतरतं आणि बिडाच्या सुमारे दीडपटीवर येतं. रेनॉल्ड्स मेटल्सची ए-३९० मिश्रधातू निवडण्याचं ते एक कारण होतं.

बोअर कसा तयार होत होता ते बघा. आधी नेहमीसारखं होनिंग, म्हणजे दगडाने घासून गुळगुळीत करणं. मग विद्युत-रासायनिक प्रक्रियेने वरचं ॲल्युमिनियम चारेक मायक्रॉन काढून टाकायचं. मागे उरतात सिलिकॉनचे कठीण कण, किंचित वर आलेले. पिस्टन आणि रिंगा या कणांवरून सरकतात आणि कणांमधल्या खोलगट जागेत ऑइल टिकून राहतं. पिस्टनला लोखंडाचा मुलामा, कारण ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं की धरतं. ही पद्धतच फसवी असती तर पोर्शेने १९७७च्या ९२८ ला हीच मिश्रधातू बिनस्लीव्हची कशाला वापरली असती?

मग फसलं कुठे? दोन जागी, आणि दोन्ही जागा चिल्लर वाचवण्याच्या.

एक, कूलिंग. पूर्ण सिस्टिममध्ये कूलंट जेमतेम सहा क्वार्ट, म्हणजे पावणेसहा लिटर. रेडिएटर साधारण फूटभर लांब, फूटभर रुंद. एवढ्याशा पाण्यात अर्धा लिटर जरी उडून गेलं तरी इंजिन तापायला लागतं. सुरुवातीच्या गाड्यांना ओव्हरफ्लोची बाटली नव्हती, त्यामुळे बाहेर पडलेलं पाणी परत येत नसे. साध्या मॉडेलला तापमानाचा काटाही नाही, नुसता दिवा. तो लागेपर्यंत उशीर झालेला.

दोन, व्हॉल्व्ह-स्टेमचे सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणाऱ्या टोप्या. ते कडक होऊन तडकत आणि ऑइल गाइडमधून खाली झिरपे. गाडी निळा धूर मारायला लागली की गॅरेजवाला 'बोअर गेला' म्हणून इंजिन उघडायला मोकळा. खरं तर फरक ओळखायला पाच मिनिटं लागतात. थंड इंजिन सुरू करताना किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना धुराचा एकच भपका आला, तर सील. चढावर, लोडखाली सतत धूर, तर रिंगा किंवा बोअर. खात्री हवी असेल तर कॉम्प्रेशन दोनदा मोजायचं: एकदा कोरडं, एकदा स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून. दुसऱ्यांदा आकडा चढला तर रिंगा-बोअर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

नट्याबोल्ट

सहमत, आणि वरून एक घोळ. कितीतरी गॅरेजांत हे बोअर साध्या दगडाने होन करून गाडी परत दिली जायची. सिलिकॉन उघडं करण्याची शेवटची पायरी गाळली की नवा पिस्टन उघड्या ॲल्युमिनियमवर घासणार. हजार मैलांत पुन्हा धूर. शेवटी टिकाऊ उपाय ठरला तो बोअर मोठा करून बिडाच्या किंवा पोलादी स्लीव्ह ठोकण्याचा. म्हणजे ज्या वस्तू वाचवायला एवढा खटाटोप केला, त्याच नंतर घालाव्या लागल्या.

फिलरगेज

सिलिकॉनवाले, पोर्शेचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडतंय. ९२८ चं हेडही ॲल्युमिनियमचं होतं! धातू एक, प्रसरण एक, गॅस्केटवर ताण नाही. मिश्रधातू चांगली होती याबद्दल माझा वाद नाही, जोडीदार चुकला. आणि जो ब्लॉक साध्या गॅरेजात दुरुस्तच होऊ शकत नाही, तो २,०९० डॉलरच्या गाडीत घालणं हा इंजिनिअरचाच निर्णय. पोर्शेचं गिऱ्हाईक पोर्शेच्या वर्कशॉपमध्ये जातं, व्हेगाचं कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपावर.

सिलिकॉनवाला

मग १९७६च्या 'ड्युरा-बिल्ट'चं, म्हणजे व्हेगाच्या सुधारलेल्या इंजिनाचं काय? ब्लॉक तोच, हेड बिडाचंच. बदललं काय, तर हेड गॅस्केट, पाण्याचे मार्ग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सील, आणि टॅपेट हायड्रॉलिक. एवढ्यावर कंपनीने ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची हमी दिली. जोडी मुळातच अशक्य असती तर जीएमच्या वकिलांनी त्या कागदावर सही होऊ दिली असती का?

ताळेबंद

दोघेही बॉनेटखालून बाहेर या. उत्तर अमेरिकेच्या मिठाच्या रस्त्यांवर इंजिन जायच्या आधी पत्रा सडत होता.

बॉडीला गंज लागू नये म्हणून ती अख्खी प्रायमरच्या टाकीत बुडवायचे, विजेच्या भाराने प्रायमर पत्र्यावर बसायचा. पद्धत उत्तम. पण पुढच्या मडगार्डच्या वरच्या भागात, काचेच्या अलीकडे, हवेचा फुगा अडकून राहत होता. तिथे प्रायमर पोचलाच नाही. कोरा पत्रा, वर रंग. आता त्याच जागी खालून पुढचं चाक चिखल आणि मीठ फेकणार. आतून प्लास्टिकचं लायनर असतं तर चिखल वर गेला नसता. मूळ आराखड्यात लायनर होतं, ते गाडीमागे दोन-तीन डॉलर वाचवायला काढलं. पत्रा आतून बाहेर सडत यायचा, म्हणून वर रंगाला फोड दिसेपर्यंत मालकाला पत्ताच नाही. फोड दिसला की बोट घाला, आरपार. मग जीएमने हजारो मडगार्ड पदरच्या खर्चाने बदलून दिले आणि पुढच्या गाड्यांना लायनर लावलं.

यात कोलचा हट्ट कुठे आला? मिश्रधातू कुठे आली? इथे सरळसरळ खर्चाच्या यादीवर कुणीतरी लाल पेन फिरवलंय.

त्यात घाईची भर. ऑक्टोबर १९६८ मध्ये चेअरमन जेम्स रोशने जाहीर करून टाकलं की दोन वर्षांत छोटी गाडी आणतो. गाडीचा आराखडा शेव्हरोलेने केलेलाच नाही. तो जीएमच्या मध्यवर्ती स्टाफने करून शेव्हरोलेच्या गळ्यात मारला. शेव्हरोलेचा आणि जीएमच्याच पाँटिॲक विभागाचा स्वतःचा प्रस्ताव बाजूला ठेवून! ज्यांनी विकायची, हमी निभवायची, त्यांना आराखड्यात बोलायला जागाच नव्हती.

कडक_शिस्त

कामगारांचं नाव कुणीच घेत नाही, कमाल आहे. लॉर्ड्सटाउन, ओहायो. जगातला सर्वांत आधुनिक कारखाना म्हणून मिरवलेला, वेल्डिंगला युनिमेट रोबॉट. आणि तिथून बाहेर काय पडत होतं? फाडलेल्या सीटा, कुलपात तोडलेल्या चाव्या, न आवळलेले बोल्ट. मार्च १९७२ मध्ये २२ दिवसांचा संप. अशा हातांनी बनवलेली गाडी चांगली कशी निघेल?

शॉपफ्लोअर

कडक_शिस्त साहेब, त्या लाइनचा वेग सांगायचा राहिला तुमचा. तासाला १०० गाड्या. म्हणजे दर गाडीला ३६ सेकंद. इतर कारखान्यांत तेव्हा तासाला पन्नास-साठ गाड्या निघायच्या, म्हणजे कामगाराला मिनिटभर तरी मिळायचं. ३६ सेकंदांत बोल्ट हाताने लावायचा, गनने आवळायचा, गन टांगायची, पुढच्या गाडीकडे वळायचं. एक बोल्ट तिरका बसला की तो सरळ करायला वेळच नाही. मागून पुढची गाडी आलेली असते.

त्यावर ऑक्टोबर १९७१ मध्ये कारखाना जीएमच्या असेंब्ली डिव्हिजनकडे गेला. त्यांनी माणसं कमी केली, उरलेल्यांवर कामं वाटली, वेग तोच ठेवला. तक्रारी हजारोंनी साचल्या आणि मग संप. मोडतोडीचे आरोप व्यवस्थापनाचे होते. काही प्रकार झाले असतील, नाही म्हणत नाही. पण मडगार्डमधला हवेचा फुगा कामगाराने भरला नव्हता, आणि १९७२ मध्ये पाच लाखांवर गाड्या मागच्या ॲक्सलसाठी परत बोलवाव्या लागल्या, त्याला संपही कारण नव्हता. तो ॲक्सल शाफ्टच मापात तोकडा होता, चाकासकट बाहेर यायची भीती.

अजून पुरावा हवा तर कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट बघा. तिथला जीएमचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, कामगार दांडीबहाद्दर म्हणून बदनाम. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना 'नुम्मी' नावाने उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियन तीच. फरक एवढाच की चूक दिसली की दोरी ओढायची, गरज पडली तर लाइन थांबते. गाड्या जपानी दर्जाच्या निघाल्या.

तिरपागडा

गंभीर चर्चेत जरा अवांतर. याच गाडीची रेल्वेतली वाहतूक मात्र अफाट होती. 'व्हर्ट-अ-पॅक' वॅगन: गाड्या नाक खाली करून उभ्या टांगायच्या, एका वॅगनमध्ये ३०. नेहमीच्या तीन मजली वॅगनमध्ये १८ मावायच्या. त्यासाठी गाडीच वेगळी केलेली. पहिल्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरू नये म्हणून इंजिनात आडोसा, बॅटरीची भोकं मागच्या कडेला वर, वॉशरची बाटली ४५ अंशात तिरकी, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल नळीने डब्यात जाईल अशी सोय. सगळी द्रवं भरून निघायची, उतरवली की चावी फिरवून चालू.

कार्ब्युरेटरच्या चार थेंबांची एवढी काळजी करणाऱ्यांना रेडिएटरच्या दोन लिटरचं सुचू नये, याचं हसू येतं.

ताळेबंद

हसू कसलं! वाहतुकीत वाचलेला पैसा पहिल्याच दिवशी वहीत दिसतो. रेडिएटरचा खर्च तीन वर्षांनी हमीच्या खात्यात येतो, आणि तोवर ज्याने तो वाचवला त्याची बढती झालेली असते.

दूरचा_नकाशा

व्हेगाला एवढा मान देऊ नका. १९७८ मध्येसुद्धा अमेरिकेत खपणाऱ्या गाड्यांत जीएमचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर होता. पाया १९७० ला खचला असता तर इमारत आठ वर्षं उभी राहिली नसती. विश्वासाला पहिला तडा म्हणाल तर तो कॉर्व्हेअरने आणि तिच्या धोक्यांवर लिहिणाऱ्या राल्फ नेडरमागे गुप्तहेर लावण्याच्या उद्योगाने गेला, १९६६ मध्ये जीएमच्या प्रमुखाला सिनेट समितीपुढे माफी मागावी लागली. खरी उतरण १९८० नंतरची. सायटेशनसारख्या एक्स-कार (जीएमच्या नव्या छोट्या गाड्या), जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक. मग जीएमचा चेअरमन रॉजर स्मिथची कारकीर्द: १९८४ मध्ये ईडीएस ही संगणक-सेवा कंपनी अडीच अब्ज डॉलरना, पुढच्या वर्षी ह्यूज एअरक्राफ्ट पाच अब्जांवर. त्या पैशात नव्या छोट्या गाड्या किती झाल्या असत्या?

आपल्याकडे ही कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, हे तळेगावचा कारखाना २०२० च्या शेवटी बंद झाला तेव्हा कुणाच्या लक्षातही नव्हतं. लॉर्ड्सटाउन त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१९ मध्ये बंद झालं.

फिलरगेज

वाटा आणि विश्वास एकाच वेगाने उतरत नाहीत, दूरचा_नकाशा. १९७३ ला पंचविशीत व्हेगा घेतलेला माणूस पुढची गाडी १९७८-८० ला घेणार. तो तेव्हा होंडाच्या दुकानात गेला. तुमच्या आकड्यात तो १९८० नंतरच दिसणार ना?

आणि सिलिकॉनवाले, ड्युरा-बिल्टची हमी १९७६ ला आली, १९७७ नंतर व्हेगाच बंद. तिच्याच सांगाड्यावरच्या शेव्हरोले मोंझा गाडीत १९७८ ला पाँटिॲकचं अडीच लिटरचं इंजिन बसलं. ब्लॉक बिडाचा, हेड बिडाचं.

सिलिकॉनवाला

बसलं, कारण ते स्वस्त होतं आणि बदनाम नव्हतं. दुरुस्त झालेल्या इंजिनाला सहा वर्षांपूर्वीच्या रेडिएटरची शिक्षा मिळाली. हेडच्या मुद्द्यावर मी अजून हललेलो नाही: १९७१च्या ब्लॉकला ड्युरा-बिल्टचं गॅस्केट आणि सील, वर मोठा रेडिएटर आणि ओव्हरफ्लोची बाटली लावा, आणि मग सांगा गॅस्केट कशाने उडतं ते.