मदत हवी आहे: फाइलवर एफ३९ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय धरून चालायचं?

धाकट्या भावाच्या फाइलवर मानसोपचारतज्ज्ञांनी एफ३९, म्हणजे ‘अनस्पेसिफाइड मूड डिसऑर्डर’ (मूडचा आजार, पण नेमका कोणता ते न ठरलेलं) असं लिहिलंय. मधूनच दोन-तीन दिवस तो जेमतेम झोपतो तरी ताजातवाना असतो, बोलणं सुसाट, रोज नवा बेत. मग कित्येक दिवस उदास आणि चिडका. कधी कधी दोन्ही एकाच दिवशी, आणि तेच सगळ्यात अवघड जातं.

निकष वाचले. लक्षणं हायपोमेनियाला (मूड चढण्याचा सौम्य प्रकार) सलग ४ दिवस, डिप्रेशनला २ आठवडे, सायक्लोथायमियाला (दीर्घकाळ चालणारे सौम्य चढ-उतार) मोठ्यांमध्ये २ वर्षं हवीत. याचं कशातच धड बसत नाही. २०२२ च्या डीएसएम-५-टीआरमध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) अशांसाठी वेगळा रकाना आहे, तेही कळलं. पण रकाना कळला म्हणून आजार कळला असं होत नाही ना.

थायरॉइड आणि बी१२ नॉर्मल. नशा नाही, स्टेरॉइड नाहीत. मावशीला बायपोलर आहे, हे डॉक्टरांना माहीत आहे. त्यामुळेच बहुधा नुसतं अँटीडिप्रेसंट सुरू केलेलं नाही; सध्या झोपेचं औषध आणि ‘थोडा काळ पाहू’. आत्महत्येचे विचार नाहीत, थेट विचारलंय. मूड आणि झोपेची वही तो स्वतः लिहितो. हे सगळं त्याला विचारूनच टाकतेय.

औषधं सुचवू नका, डॉक्टरही बदलायचे नाहीत. ज्यांच्या घरी असं अर्धवट निदान पुढे स्पष्ट झालं, त्यांनी सांगा: वहीतल्या कोणत्या नोंदी डॉक्टरांच्या खरंच कामी आल्या? आणि कोणता बदल दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा?