मदत हवी आहे: भीक मागताना उचललेल्या आजींना सोडवायचं आहे, नातं नसताना हमी देता येते का?

नमस्कार. थोडं लांबलचक होईल, पण कृपया पूर्ण वाचा. सोमवारी कोर्टाची तारीख आहे.

मी रोज ज्या स्टेशनवरून जाते तिथे जिन्यापाशी एक आजी बसायच्या. वय सत्तरीला टेकलेलं. समोर अंथरलेला रुमाल, त्यावर सेफ्टी पिना, सुया, केसांचे चाप. विक्री झाली तर ठीक, नाही झाली की संध्याकाळी हात पुढे करायच्या. हे मी लपवत नाही. दोन वर्षांची ओळख आहे आमची. त्यांच्या चष्म्याची एक काडी तुटली आहे, तिथे दोरा बांधून तो कानामागे अडकवतात. उजवा गुडघा एवढा सुजलेला असतो की उठताना कठडा दोन्ही हातांनी धरावा लागतो. पूर्वी धुण्याभांड्याची चार कामं होती. गुडघ्यापायी ती सुटली, कामं सुटल्यावर भाड्याची खोली गेली. मूलबाळ नाही. एक पुतण्या आहे, तो फोन उचलत नाही.

दहा दिवसांपूर्वी मोहीम झाली, गाडी आली आणि जिन्याखालच्या सगळ्यांना घेऊन गेली. चौकशी करत करत चार दिवसांनी पत्ता लागला. आजी आता भिक्षेकरी स्वीकार केंद्रात आहेत, म्हणजे भीक मागताना पकडलेल्यांना कोर्टाचा निर्णय होईपर्यंत ठेवतात तिथे. भेटायला गेले तर 'कशी आहेस' वगैरे काही नाही, पहिलं वाक्य: "माझी पिशवी कुठंय गं?" त्या पिशवीत पिनांचा माल, बीपीच्या गोळ्या आणि रेशनकार्डाची झेरॉक्स होती. पिशवी कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

घरी येऊन मी १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा वाचून काढला. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. वस्तू विकायच्या निमित्ताने पैसे मागणंसुद्धा भीक धरलं जातं, म्हणजे आजींच्या पिनाही त्यात आल्या. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर फिरतोय, एवढंही पुरतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास संस्थेत किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. हे वाचल्यापासून झोप लागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली, पण आपल्याकडे महाराष्ट्रात कायदा चालूच आहे.

सरकारने काही करूच नये असं मला म्हणायचं नाही. २०२२ पासून भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची स्माईल योजना आहे. आधी पाहणी, मग माणसाशी बोलणं, निवारा आणि पुढे रोजगार, असा तिचा क्रम आहे, आणि तो मला पटतो. आजींच्या बाबतीत मात्र सुरुवातच गाडीने झाली. गाडीत बसवण्याआधी एकदा कोणी विचारलं असतं, तर गुडघ्यावर उपचार, महिन्याला थोडी पेन्शन आणि रात्री टेकायला सुरक्षित जागा, एवढंच त्यांनी मागितलं असतं.

स्वीकार केंद्रातल्या एका बाईंनी "रक्ताचं कोणी असेल तरच सोडतात" असं सांगितलं. हे खरं आहे का? मी हमी दिली तर चालेल का? वकील लावायचा तर कुठून सुरुवात करू? आणि सुटल्यावर त्यांना ठेवायचं कुठे? माझं घर एका खोलीचं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तरी पहिले काही दिवस मी सांभाळीन.

– पायवाट

*

पायवाटताई, रक्ताच्या नात्याचं बंधन कायद्यात नाही. कलम ५ पुन्हा नीट वाचा. ही व्यक्ती परत भीक मागणार नाही अशी न्यायालयाची खात्री पटली, तर समज देऊन बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडता येतं. ते बंधपत्र स्वतः ती व्यक्ती देऊ शकते किंवा न्यायालयाला योग्य वाटेल अशी दुसरी कोणतीही व्यक्ती. तुम्ही त्या 'दुसऱ्या' होऊ शकता. सगळी मदार खात्री पटण्यावर आहे. म्हणून आधी परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) भेटा, त्या व्यक्तीबद्दलचा अहवाल न्यायालयाला तेच देतात. आजी राहणार कुठे, औषधपाणी कोण बघणार, खर्च कसा चालणार, हे एका कागदावर लिहून द्या. तोंडी सांगून भागत नाही.

वकिलाला पैसे देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना आणि ताब्यात असलेल्यांना मोफत वकील मिळतो. आजी दोन्हीत बसतात. अर्ज आजच करा, शनिवारची वाट बघू नका.

– कोर्टकचेरी

*

मी बेघरांच्या निवाऱ्यात काम केलं आहे, तेवढ्यावर सांगते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून पालिकांनी रात्रनिवारे चालू केले आहेत. तुमच्या पालिकेच्या समाजविकास विभागात जाऊन महिलांचा निवारा कुठला ते विचारा आणि जागा असल्याचं पत्र घ्या. कोर्टात ते पत्र फार कामी येतं.

पेन्शनसाठी: पासष्टच्या पुढे श्रावणबाळ योजना, त्याआधी संजय गांधी निराधार. महिना १५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. माणसं अडतात ती इथेच. आधार हरवलं असेल, तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाच्या सहीचं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. आणि रेशनकार्डाचा नंबर आजींना आठवतो का ते विचारा. पुष्कळ म्हाताऱ्यांना तो तोंडपाठ असतो.

– अंगणवेल

*

दोघांचे मनापासून आभार. विधी सेवेच्या कार्यालयात आज जाऊन आले. अर्ज घेतला, उद्या वकीलबाई फोन करतील म्हणाल्या. निवाऱ्याचं पत्र शुक्रवारी मिळेल असं सांगितलं आहे.

दुपारी आजींना भेटले. नंबर विचारला, तर न अडखळता सगळे आकडे म्हणून दाखवले. वर विचारतात, "सोमवारी येताना पिनांचं एक पाकीट आणशील?" त्यांना अजून कळलेलं नाही की पिना विकताना परत दिसल्या तर पुन्हा उचलतील. वकीलबाईंना उद्या पहिलं हेच विचारते: बसून विकण्यासाठी पालिकेचा फेरीवाल्याचा परवाना त्यांच्या नावाने काढता येईल का? कोणी असा परवाना काढून दिला असेल तर इथेच लिहा.

– पायवाट