मदत हवी आहे: फ्लॉरेन्समध्ये आई-बाबांसोबत दोन दिवस, राजाराम महाराजांच्या स्मारकापर्यंत कसं जायचं?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन इटलीला चाललोय, त्यात फ्लॉरेन्सला रविवारी संध्याकाळी पोचतोय आणि बुधवारी सकाळी रोमची ट्रेन, म्हणजे हातात धड दोनच दिवस. आईचे गुडघे दुखतात, पंधरा-वीस मिनिटं चालली की बसावंच लागतं. बाबा ठणठणीत आहेत पण त्यांचं एकच म्हणणं, बाकी काय दाखवायचं ते दाखव, मला आधी महाराजांच्या स्मारकावर ने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, करवीरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि तिथेच १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. बाबा राजाराम कॉलेजचे, लहानपणापासून हे ऐकत आलेत, त्यामुळे हे चुकवून चालणारच नाही.

प्रश्न असा की स्मारक कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला दिसतंय, बाग साडेतीन किलोमीटर लांब, ट्राम तिथपर्यंत जात नाही बहुतेक, मग आईला कसं न्यायचं? आणि दुओमोचा म्हणजे मुख्य कॅथेड्रलचा घुमट, उफिझी कलादालन, डेव्हिडचा पुतळा, पोन्ते वेक्यो पूल हे सगळं दोन दिवसांत आईला न दमवता बसेल का?

---

प्रतिसाद: आधी एक महत्त्वाचं, सोमवारी उफिझी आणि आकादेमिया ही दोन्ही कलादालनं बंद असतात, डेव्हिड आकादेमियातच आहे. म्हणून सोमवारची सकाळ स्मारकाला द्या आणि मंगळवारसाठी दोन्हीकडची वेळेची तिकिटं आत्ताच काढून ठेवा. टी-१ ट्रामचा कास्चिने स्टॉप बागेच्या शहराकडच्या टोकाला आहे, तिथून आईंना चालवू नका, सरळ टॅक्सी करा. रस्त्यात हात दाखवून टॅक्सी सहसा थांबत नाही, स्टँडवर जावं लागतं किंवा हॉटेलवाल्यांना फोन करायला सांगा, आणि ड्रायव्हरला थांबवूनच ठेवा कारण तिथे परतीची मिळणं कठीण. "मोनुमेंतो आल इंदियानो" म्हणा, शेजारच्या पुलालाही इंदियानोच म्हणतात.

---

प्रतिसाद: घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वरचा जिना चिंचोळा. बाबांचं एकट्याचं तिकीट काढा, तेही आधीच बुक करावं लागतं. आई तोवर कॅथेड्रलमध्ये बसतील, तिथे प्रवेश फुकट आहे, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उफिझीत लिफ्ट आहे. संध्याकाळी १२ नंबरच्या बसने टेकडीवरच्या पियाझ्झाले मिकेलांजेलो चौकात जा, खालून पायऱ्या चढत बसू नका, बस थेट वर सोडते आणि सगळं शहर, नदी, घुमट एका नजरेत दिसतं. आईंना हेच सगळ्यात आवडेल बघा. गावात दगडी फरशी आहे, मऊ तळाचे बूट घ्या.

---

धागाकर्ता: खूप खूप आभार, सोमवारचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी त्याच दिवशी उफिझी धरलं होतं! टॅक्सीचं बाबांना सांगितलं, ते आत्तापासूनच पंचगंगेचं पाणी छोट्या बाटलीत न्यायचं म्हणतायत. आता एकच राहिलं, सोमवारी सकाळी स्टेशनच्या आसपास फुलं कुठे मिळतील? हार नाही मिळाला तरी चालेल, पांढरी सुटी फुलं असली तरी पुरे.