उन्हाळ्यात तीन आठवडे फक्त नव्या नाटकासाठी: हवंय का आपल्याला?

तिसरी घंटा
आपल्याकडे नवं नाटक कधी लिहायचं हे राज्य नाट्य स्पर्धा आणि कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तारखा ठरवतात. संहिता घाईत पुरी होते, घाईत बसते आणि दुसरा अंक लंगडा आहे हे परीक्षक समोर बसल्यावर कळतं.

अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या वॉटरफर्डला यूजीन ओनील थिएटर सेंटर १९६४ मध्ये सुरू झालं. तिथे दर उन्हाळ्यात नाटककार, नट आणि दिग्दर्शक एकत्र राहतात. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स तिथल्या या उपक्रमाचे प्रमुख असताना थोडे दिवस तालीम व्हायची, मग नट संहिता हातात घेऊनच प्रेक्षकांसमोर उभे राहायचे. नेपथ्य नावापुरतं. लेखक मधल्या काळात पानंच्या पानं बदलायचा. पुढे नावाजलेले नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या संहिता तिथून अनेकदा परत आल्या होत्या. १९८२ मध्ये त्यांचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ निवडलं गेलं आणि १९८४ मध्ये ते ब्रॉडवेला लागलं.

मला असंच हवं आहे. मे महिन्यात तीन आठवडे, चार-पाच लेखक, सोबत नट. बक्षीस नाही, प्रयोगाची सक्तीही नाही.

प्रॉम्प्टर
मे महिन्यात? शाळांना सुट्ट्या, म्हणून दौरे आणि बालनाट्यं तेव्हाच. प्रकाशयोजना करणारा, कपडेपटवाला, छोटी भूमिका करणारा नट, सगळ्यांचं पोट नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशावर. ज्याला भरपगारी रजा मिळते तोच तुमच्या शिबिराला येणार, आणि तो लिहील ते नवं नाटक म्हणून मिरवलं जाणार.

स्पर्धेला नावं ठेवणंही मला पटत नाही. तारीख डोक्यावर नसती तर कित्येक एकांकिका वहीतच राहिल्या असत्या. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांचे प्रयोग सुरू केले. नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येणाऱ्यांनीच ती चळवळ उभी केली. नाटक प्रयोगागणिक पक्कं होत गेलं. त्यासाठी कुणी गाव सोडलं नाही.

तिसरी घंटा
नाइट बुडते, म्हणूनच मानधन हवं, आणि तेही फक्त लेखकाला नाही. हे इथे अगदीच नवं नाही. पुण्याच्या थिएटर अकादमी या संस्थेत नाटककार सतीश आळेकरांनी १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी योजना चालवली होती. आता तो पैसा आपल्याच नाट्यसंस्थांनी उभा करावा. नाट्यसंमेलनाच्या मांडवावर खर्च होतोच ना?

वडसेकर
तुम्ही दोघंही पुण्या-मुंबईचं कॅलेंडर धरून बोलताय. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो नि होळीपर्यंत चालतो. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, सगळीकडे हेच. उन्हाळ्यात रंगमंच बंद असतो, पण माणूस रिकामा नसतो. मे महिन्यात तेंदूपत्ता, जूनमध्ये धानाची तयारी. शिबिर घ्यायचंच तर होळी झाल्यावर लगेच घ्या, आणि आमच्या नाटक मंडळ्यांच्या गावी, गडचिरोलीतल्या वडशात घ्या.

दुसरं, हातात कागद घेऊन वाचन केल्याने आमचं नाटक कळतच नाही. गाणं कुठे येतं, हार्मोनियम कुठे थांबते, विनोदी नट किती वेळ खेचतो, यावर अंक उभा राहतो. वादक नसतील तर लेखकाला काय समजणार?

प्रॉम्प्टर
वडसेकर, हा मुद्दा मला पूर्ण पटला. पण निवड कोण करणार? ओळखीतलेच चार लेखक दरवर्षी जाऊन येणार असतील तर त्यापेक्षा स्पर्धा बरी. तिथे बोर्डीचा पोरगा आणि पुण्याचं कॉलेज एकाच रंगमंचावर उतरतात.

तिसरी घंटा
नाव झाकून संहिता वाचा, आणि वाचणाऱ्यांत झाडीपट्टीतले दिग्दर्शक असू द्या. वादक पहिल्या दिवसापासून हवेत, हे मान्य. महिनाही हलवू. पण शेवटी जाहीर प्रयोग नको यावर मी ठाम आहे. प्रयोग ठरला की शेवटचा आठवडा नेपथ्यात जातो, लेखन थांबतं.

प्रॉम्प्टर
मग माझा विरोध कायम. तिकीट काढून आलेला माणूस कुठे चुळबुळतो हे पाहिल्याशिवाय लेखक कात्री लावत नाही. शिबिरात सगळे एकमेकांना सांभाळूनच बोलतात.

वडसेकर
मांडव आमच्याकडे आहे, प्रेक्षकही आहे. नेपथ्य नको, तिकीट ठेवा, दुसऱ्या दिवशी लेखकाला पुन्हा लिहायला बसवा. कोण येतंय ते सांगा.