ऑर्केस्ट्रासाठी जुन्या अ‍ॅनालॉग सिंथचे आवाज लॅपटॉपवर : काय घ्यावं?

काळी_दोन (शहापूर, बेळगाव)
नमस्कार मंडळी. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपतीत रोज एक मांडव, नंतर लग्नसराई. हिंदी, मराठी आणि फर्माईश आली की कन्नड. लोकांना सत्तर-ऐंशीच्या दशकातलीच गाणी हवी असतात आणि माझ्या कीबोर्डातले स्ट्रिंग्ज ऐकले की आमचा गायक म्हणतो, "कुणाचा तरी मोबाइल वाजतोय बघा."

बजेट दहा-बारा हजार. लॅपटॉप विंडोजचा, आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, सहा वर्षं जुना. एक मित्र म्हणतो, तीस-चाळीस जुन्या सिंथच्या (सिंथेसायझरच्या) सॉफ्टवेअर नकला एकत्र मिळतात तो मोठा संच सेलमध्ये घेऊन टाक. घेऊ का? मला हवेत तीनच आवाज : मऊ पॅड (मागे धरून ठेवायचा), जाड बेस, एक लीड (पुढे धून वाजवायचा). आणि मिरवणुकीत नागिनीची बीन, तिच्यावाचून सुटका नाही.

अजून एक. एका सिंथचा डेमो टाकून बघितला, तर कळ दाबल्यावर आवाज उशिरा येऊलाय. लॅपटॉप कामातून गेला म्हणायचा का?

कुंदा_आणि_कोरस (टिळकवाडी)
लॅपटॉप ठीक आहे हो, ड्रायव्हरचा (साऊंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घोळ आहे. विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर आवाज साठवून साठवून बाहेर सोडतो. आधी एएसआयओ-फोर-ऑल हा ड्रायव्हर टाका, फुकट आहे. त्यात बफर (आवाज साठवायची जागा) ५१२ नमुन्यांचा ठेवलात तर ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने धरून, ११.६ मिलिसेकंद उशीर, १२८ केलात तर २.९. हवेत आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ५१२ च्या बफरवर वाजवणं हे चार मीटर लांबचा स्पीकर ऐकून वाजवण्यासारखं. आणि हा नुसता बफरचा हिशोब झाला, पुढे कार्डाचा स्वतःचा उशीर वेगळाच.

माझं स्पष्ट मत : निम्मे पैसे साध्या दोन चॅनेलच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (बाहेरून जोडायच्या साऊंड कार्डात) घाला. हेडफोनच्या भोकातून मिक्सरला वायर दिली आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की मांडवभर घर्रर्र ऐकू येतं. मी एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे केलंय. भटजींनी वळून बघितलं होतं.

संच घेऊ नका. चाळीस सिंथ म्हणजे हजारो तयार आवाज, आणि तुम्ही दोन गाण्यांच्या मध्ये माउस फिरवत बसणार.

निपाणी_नॉब
संच नको, मान्य. पण घ्यायचंच तर यू-ही कंपनीचा दिवा घ्या. बर्लिनची कंपनी आहे. मूग, ज्युपिटर, ज्युनो, एमएस-२० या जुन्या सिंथच्या धर्तीचे ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे) आणि फिल्टर (तो सूर छाटणारे) त्यात हवे तसे जोडता येतात. बाकीचे सिंथ त्याच्यापुढे प्लास्टिक वाटतात.

कुंदा_आणि_कोरस
नाव दिवा, पण सगळं तेल तोच पितो! आवाजाबद्दल वाद नाही. खऱ्या सर्किटात फिल्टरचा बाहेर आलेला आवाज त्याच क्षणी पुन्हा आत जातो. संगणकाचं काम मात्र एकेका नमुन्याने चालतं, त्यामुळे साध्या पद्धतीने लिहिलेल्या फिल्टरमध्ये हा फेरा एक नमुना मागे पडतो आणि रेझोनन्स (फिल्टरचा घुमारा) वाढवला की फरक कानाला कळतो. दिवा दर नमुन्याला या फेऱ्याचं समीकरण सोडवत बसतो, म्हणून प्रोसेसरची दमछाक. सहा वर्षांच्या आय-फाइव्हवर 'डिव्हाइन' मोडमध्ये सहा स्वरांचा पॅड धरा आणि कढईत मोहरी तडतडते तसा आवाज ऐका. हलक्या 'ड्राफ्ट' मोडवर चालेल, पण ड्राफ्टवरच वाजवायचा तर एवढे युरो कशाला मोजायचे?

काळी_दोन, तुम्हाला हवा तो मऊ पॅड म्हणजे बहुतेक रोलंडचा ज्युनो. ज्युनो-६० हा १९८२ चा, १०६ हा १९८४ चा. गंमत म्हणजे आतून फार साधा : सहा स्वर, प्रत्येक स्वराला एकच ऑसिलेटर, आणि तोही डिजिटल घड्याळाच्या तालावर चालणारा, म्हणजे सूर हलत नाही. मग एवढा जाड कसा वाजतो? शेवटी जो कोरस आहे त्यामुळे, म्हणजे आवाजाची किंचित हलणारी प्रत मूळ आवाजात मिसळणारा भाग. बकेट-ब्रिगेड नावाच्या चिप्स आहेत. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादली पुढे देतात तसा त्या आवाज पुढे ढकलतात, आणि ढकलण्याचा वेग सतत थोडा कमी-जास्त होत राहतो. मूळ यंत्रात त्याची सूंऽऽ अशी खरखरही यायची.

म्हणून ज्युनोची नक्कल लॅपटॉपवर हलकी पडते आणि मूळच्या फार जवळ जाते. स्विस कंपनी टॅलचा यू-नो-एलएक्स घ्या, ज्युनो-६० वरचा आहे आणि बजेटात बसेल. घ्यायच्या आधी त्यांचाच टॅल-कोरस-एलएक्स आणून तुमच्या त्याच 'मोबाइल' स्ट्रिंग्जवर लावून बघा. तो फुकट आहे. कदाचित तेवढ्यानेच गायक गप्प बसेल.

एक_ऑसिलेटर (चिकोडी)
मध्येच बोलतो. ऐंशीच्या उत्तरार्धातला तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो आणि घंटांचा आवाज कुठल्याच अ‍ॅनालॉग सिंथमध्ये शोधू नका, डोकं फिरेल. तो यामाहा डीएक्स-७, १९८३, पूर्ण डिजिटल. त्याच्यासाठी डेक्स्ड आहे, फुकट, आणि मूळ यंत्राच्या आवाजांच्या फायलीही त्यात चालतात. मी अख्खा उन्हाळा तो पियानो मूगमध्ये बनवायला घालवला. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

बेससाठी चेरी ऑडिओचा सरिअलिस्टिक एमजी-१ प्लस, हाही फुकट. मूळ यंत्र मूगनेच १९८१ मध्ये रेडिओ शॅक दुकानांसाठी बनवलं होतं. १९७० च्या मिनिमूगसारखे तीन ऑसिलेटर नाहीत, दोनच आहेत, पण मांडवातल्या सबवूफरला ते मोजता येत नाहीत.

खानापूरचा_पेटीवाला
बीनबद्दल मी सांगतो, कारण तुम्ही पोरं तिला सिंथ समजता. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती कल्याणजींनी, जोडीला पेटी रवींची. क्लॅव्हिओलिन म्हणजे व्हॉल्व्हचं, एका वेळी एकच स्वर वाजणारं वाद्य. मिनिमूगच्या सोळा वर्षं आधीची गोष्ट.

म्हणून कुठलाही एकसुरी सिंथ चालतो. टॅलचा नॉइजमेकर फुकट आहे, त्यात करा. एकच ऑसिलेटर, पल्स लहर, तिची रुंदी अगदी बारीक, नाकात बोलल्यासारखी व्हायला हवी. फिल्टर अर्धा उघडा, रेझोनन्स किंचित. मोनो (एका वेळी एकच स्वर) आणि लेगाटो (स्वर न तोडता) चालू. पोर्टामेंटो (स्वरावरून स्वरावर घसरणं) थोडाच, नाहीतर नागीण दारू प्यायल्यासारखी वाजते. व्हायब्रेटो (स्वराची थरथर) सेकंदाला पाच-सहा वेळा, पण तो कायम लावून ठेवू नका, मॉड्युलेशन व्हीलवर ठेवा आणि स्वर लांबला की हळूच चढवा. खरी बीन बोटात आहे. मागचा स्वर सोडायच्या आधी पुढचा दाबायचा. पेटीवर आम्ही हेच करतो, फक्त तिथं मींड निघत नाही म्हणून जन्मभर हळहळतो.

भजनाच्या साथीला पॅड धरणार असाल तर सर्ज एक्सटी बघा, तोही मोफत. त्यात सुरांची स्वतःची फाइल भरता येते. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट), तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. चौदा सेंट तुम्हाला थोडे वाटतील, पण पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात समोर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडते. ऑर्केस्ट्रात मात्र हे करू नका, गिटारवाला भांडायला येईल.

निपाणी_नॉब
काका, नागीण दारू प्यायल्यासारखी वाजली तर मिरवणुकीत जास्त चालेल की!

काळी_दोन
उशिराबद्दल माफी, तालमी चालू होत्या. इंटरफेस घेतला, बफर १२८ वर आहे, तडतड नाही. कोरस फुकटचा लावून बघितला आणि दुसऱ्याच दिवशी यू-नो-एलएक्सही घेतला. बीन पेटीवाल्या काकांच्या कृतीने जमली. ढोलकीवाला घरी जाताना पार शिवाजी उद्यानापर्यंत तीच गुणगुणत होता.

पण एक अडलंय. घरी हेडफोनवर पॅड एवढा पसरतो आणि काल मांडवात लावला तर चपटा. सिंथ तोच, प्रीसेट तोच.

कुंदा_आणि_कोरस
साऊंडवाल्याने तुमची एकच वायर घेतली असणार. ज्युनोचा कोरस डावीकडे आणि उजवीकडे उलट्या दिशेने हलतो, तीच सगळी रुंदी. दोन्ही बाजू एकत्र केल्या किंवा एकच घेतली की ती गेली. दोन वायरी द्या आणि मिक्सरवर एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगा. मांडवातले सगळे भोंगे मोनोच (डावं-उजवं वेगळं नसलेले) असतील तर कोरस 'एक'वर ठेवा, फिल्टर थोडा जास्त उघडा आणि वरच्या सप्तकात वाजवा. बेसच्या आवाजावर कोरस अजिबात नको, नाहीतर बूड हलतं.

काळी_दोन
आज मारुती गल्लीत कार्यक्रम आहे. दोन वायरी घेऊन जातो. साऊंडवाल्याला आधी चहा पाजावा लागेल.

एक_ऑसिलेटर
चहा पाजाच. आणि निघताना लॅपटॉपचं वायफाय बंद करा, विंडोजचं अपडेटही थांबवून ठेवा. का ते विचारू नका.