पडका वाडा विकत घ्यायचा कोणी: राहणाऱ्यांनी की बिल्डरने?

ढेलज (छत्रपती संभाजीनगर)

काल या चर्चेत ‘बीड बायपास’ यांनी लिहिले की, जुन्या पेठांतले पडके वाडे भाडेकरूंनी संस्था काढून विकत घ्यावेत आणि त्यासाठी शासनाने बिनव्याजी रक्कम द्यावी, ही मागणी भाबडी आहे. वाडे बिल्डरने घ्यावेत आणि गरिबांनी शहराबाहेरच्या घरकुलात जावे, असे त्यांचे म्हणणे. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गुलमंडीमागच्या एका वाड्यात आमची तिसरी पिढी राहते. ढेलजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या ओवरीत, शिंप्याचे दुकान आहे, मागच्या चौकात सात घरांना मिळून एकच नळ आहे आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत आहे, ज्यावर मृगाच्या आधी आम्ही सगळे मिळून पांढरी माती टाकतो. मालकाच्या अकरा वारसांनी गेल्या वर्षी वाडा विकायला काढला. आम्ही भिश्या उचलल्या, दागिने गहाण टाकले आणि नऊ लाख जमवले. बँकेत गेलो, तर साहेबांनी कागद न उघडताच सांगितले की तयार फ्लॅटला कर्ज मिळेल, पडक्या वाड्याला मिळणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतः घर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान आहे, परंतु जागेचा कागद आधी आपल्या नावावर असावा लागतो. म्हणजे जागा ज्याच्याकडे आहे त्यालाच मदत. ग्रामीण भागात मात्र पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून घरकुलाची जागा विकत घेण्यासाठी राज्य एक लाखापर्यंत अर्थसहाय्य देते. खेड्यातल्या भूमिहीनाला जागेसाठी पैसा देणे योग्य असेल, आणि ते योग्यच आहे, तर शहरातल्या भाडेकरूने काय गुन्हा केला?

आणि ही कल्पना परकी नाही. सहकार कायद्यात भाडेकरू-मालकी गृहनिर्माण संस्था हा प्रकार आहेच: जमीन संस्थेची, घर सभासदाचे. त्यात एवढीच अट घालावी की घर विकायचे झाल्यास ते संस्थेलाच आणि ठरलेल्या दराने विकावे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १९६९ साली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी अशी सामाईक जमीन घेतली. त्या चळवळीच्या प्रवर्तकांनी विनोबांच्या ग्रामदानातून, म्हणजे गावाची जमीन सामाईक करण्याच्या चळवळीतून, प्रेरणा घेतली होती, आणि ते ग्रामदान ज्यातून निघाले त्या भूदानाची सुरुवात १९५१ साली ज्या पोचमपल्लीत झाली, ते गाव तेव्हा आपल्याच हैदराबाद राज्यात होते.

बीड बायपास

‘भाबडी’ हा शब्द मी मागे घेत नाही. वीस वर्षे बांधकामात आहे. अकरा वारसांपैकी एक जण कोर्टात गेला की तुमचे नऊ लाखही अडकतात आणि शासनाचे पैसेही. बिल्डर हा धोका स्वतःच्या पैशाने पत्करतो. तुम्ही तो जनतेच्या पैशाने पत्करू पाहता.

जॉर्जियाची गोष्टही अर्धी सांगू नये. ती सुमारे ५,७०० एकर जमीन १९८५ साली हातातून गेली. दुष्काळ आणि कर्ज, या दोन गोष्टींनी गेली. या दोन्हींचा अर्थ मराठवाड्यातल्या माणसाला मी समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय माळवदाचे कौतुक वाचून मला खरोखर भीती वाटली. १९९३ च्या भूकंपात किल्लारीत माणसे कशाखाली गाडली गेली? दगडमातीच्या भिंती आणि त्यावर फूट-दोन फूट माती. तेच टिकवण्यासाठी शासनाने पैसा द्यायचा का?

तेरणाकाठ (औसा तालुका)

किल्लारीचे नाव काढलेत, म्हणून मला मध्ये पडणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी बारा वर्षांचा होतो. गणपती बोळवून आलेले गाव नुकते झोपले होते. माझी आजी आणि धाकटी बहीण भिंतीखाली गेल्या. तेव्हा माळवदाच्या ओझ्याबद्दल मला कोणी शिकवू नये. पण नुसत्या मातीने माणसे मारली नाहीत. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगडच नव्हता. गोल धोंडे मातीत रचले होते, त्यामुळे भिंती मधूनच फुटल्या आणि छत खाली आले.

त्यानंतर जे झाले, तो या चर्चेचा खरा विषय आहे. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी उठवली गेली. जागा शासनाने घेतली, पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा आणि देणगीदारांचा होता. घरे तीन मापांची होती: भूमिहीनाला आणि अगदी लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४०० आणि मोठ्या जमीनदाराला ७५०. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या घरात माणसेही कमी असतील, असे गृहीत धरल्यासारखे ते माप होते. आमच्या शेजारच्या सालगड्याच्या घरी नऊ माणसे होती. त्यांना २५० मिळाले. रस्ते शहरातल्या कॉलनीसारखे रुंद आणि सरळ झाले, पण म्हैस बांधायला जागा नाही, कडब्याची गंज लावायला जागा नाही आणि शेत तीन किलोमीटर लांब. जुन्या गल्लीत ओसरीवरून एकमेकींशी बोलणाऱ्या बाया नव्या गावात चार ओळींत विखुरल्या. माझी आई पुढची कित्येक वर्षे दुपारी जुन्या गावाच्या पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या जागेवर, जाऊन बसत असे.

ज्या गावांत पडझड कमी होती, तिथे वेगळी रीत होती. घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसा दिला, दुरुस्ती त्याने स्वतः करून घ्यायची, आणि गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा हे त्या बायांनी शिकून घेतले आणि गवंड्याला तो बसवायला लावला. दीड लाखाहून अधिक घरे अशी दुरुस्त झाली. पैसा शासनाचा आणि निर्णय राहणाऱ्याचा, हे लातूर आणि धाराशिव या आपल्याच दोन जिल्ह्यांसह आसपासच्या भागात करून झालेले आहे.

बीड बायपास

आपल्या घरी जे झाले, त्याची मला कल्पना नव्हती. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. तरीही ती घरे ज्याची त्याची होती. वाडा तसा नाही.

तेरणाकाठ

म्हणूनच तो त्यांचा व्हावा, असे ते म्हणत आहेत. आपण किल्लारीचे नाव घाबरवण्यासाठी वापरले, आणि उत्तर मिळताच ते नाव बाजूला ठेवत आहात. हे मला मान्य नाही.

निवृत्त पेशकार (परभणी)

दोन्ही बाजूंचा राग समजतो. परंतु कागद कोणीच उघडत नाही. महसुलात तीस वर्षे काढली. मराठवाड्यात विकत घेण्याजोगी जागा मुळात मोकळी नसते. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली) आणि खिदमतमाश (देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली) इनामांचा घोळ निजामाच्या काळापासून आहे. १९५४ च्या कायद्याने बरीच इनामे रद्द झाली, तरी वर्ग दोनचा, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचा, शिक्का कितीतरी गटांवर राहिला. शहरातल्या वाड्यांचे मालमत्ता पत्रक पाहावे, तर नाव पणजोबांचे असते. गरिबाने काय केले, तर शंभराच्या बाँडवर अर्धा गुंठा घेतला. २००१ साली असे तुकडे नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ च्या दुरुस्तीने तो डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना लागू झाला, आणि माझी भाची अजून बाँडची घडी पोलक्याच्या कप्प्यात ठेवून वॉर्ड कार्यालयाच्या पायऱ्या चढते आहे, कारण नियमितीकरणाचे शुल्क एकदम भरायला तिच्याकडे पैसे नाहीत.

म्हणून माझे मत असे की, शासनाने निधी द्यायचाच असेल, तर पहिला रुपया वारस नोंदी, हक्कसोड पत्रे आणि मोजणी यांवर खर्च व्हावा. खरेदी नंतर.

कादराबादकर (जालना)

संस्था हा शब्द वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. एका पतसंस्थेत माझे चार लाख गेले. अध्यक्ष आमच्याच गल्लीतले, हळदीकुंकवाला त्यांची पत्नी घरी येणारी. जास्त व्याज म्हणाले, ठेवले. एका सकाळी शटर खाली होते आणि बाहेर आम्ही दोनशे बायका पासबुके घेऊन उभ्या होतो. मुलीचे लग्न त्या वर्षी मोडले. आणि आता पुन्हा शिकलेली माणसे सांगत आहेत की दागिने गहाण टाका, एकत्र या, संस्था करा! ढेलज, तुमच्या सात घरांतल्या बायांना कोणी विचारले होते का? संस्थेत सभासद म्हणून नाव कोणाचे, नवऱ्याचेच ना?

ढेलज

ताई, आपल्या पैशाचे जे झाले त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ठेव गोळा करणारी संस्था आणि एका वाड्याची मालकी धरणारी संस्था या वेगळ्या गोष्टी आहेत, हे रागाच्या भरात एक करू नये.

नावाबद्दल मात्र आपण बरोबर बोट ठेवले. अर्जावर सातही नावे पुरुषांची आहेत. दागिने बायांचे होते आणि हे मला आज, आपण विचारल्यावर दिसले. दुरुस्ती करू: दोघांची नावे एकत्र.

पैशाबद्दल एवढे कबूल करतो की शासनाची रक्कम संस्थेच्या खात्यात येऊच नये. दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत होईल त्याच दिवशी ती थेट वारसांच्या खात्यात जावी. पेशकार साहेबांचा क्रमही मला पटतो, जरी त्यात आमचे एक वर्ष जाईल, आणि त्या वर्षात बिल्डर तिप्पट इसार घेऊन वारसांच्या दारात उभा राहील. त्यासाठीच निधी आधी तयार हवा, ही माझी मागणी कायम आहे.

बीड बायपास

सगळेच बिल्डर तिप्पट इसार देत नाहीत, तरी तसे घडते, हे नाकारत नाही. निधीला माझा विरोध कायम आहे. परंतु अकराही वारसांची संमती नोंदवली गेली, तर वाड्याची संरचनात्मक तपासणी मी फी न घेता करीन. माळवदाची माती उतरवावी लागेल, यावर तडजोड नाही. तुळया सागाच्या असतील तर त्या राहू शकतील.

ढेलज

माती उतरवू. तुळया सागाच्याच आहेत. एकीला चौकाच्या बाजूने वाळवी आहे. नऊ सह्या झाल्या आहेत. उरलेले दोघे भाऊ हैदराबादला असतात, रविवारी आम्ही तिघे जण जातो आहोत.

कादराबादकर

मला अजून पटलेले नाही. परंतु तुम्ही संस्थेची जी उपविधी कराल, ती इथे पूर्ण टाका. घर परत संस्थेलाच विकायचे, तर दर कोण ठरवणार आणि विधवेला किती दिवसांत पैसे मिळणार, ते कलम मी आधी वाचीन.